स्ट्रीमिंगचा पीसी, लॅमिंग्टन रोड आणि अर्धवट कोटेशन

बजेट ६५,००० रुपये. त्यात व्हॅलोरंट आणि जीटीए ५ नीट चालायला हवं आणि खेळता खेळता यूट्यूबवर लाइव्ह जाता यायला हवं, एवढीच माझी मागणी होती. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घरात होते. आत काय काय घालायचं हे ठरवायला मला फारसा त्रास झाला नाही. त्रास झाला तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सामानाच्या बाजारात, दुकानदाराकडून तेच कागदावर पूर्ण लिहून घेताना. २०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, पण तो कागद आजही समोर आला की माझं डोकं तापतं.

कागदावर होतं ते असं: रायझन ५, बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. खाली ५२,००० हा आकडा आणि त्याखाली दोन जाड रेघा. एवढ्या ओळी वाचूनही आपल्याला नेमकी कुठली वस्तू मिळणार आहे हे एकाही ओळीवरून कळत नव्हतं.

रायझन ५ ही एएमडी कंपनीच्या प्रोसेसरची मालिका. मी विचारलं, "रायझन ५ मधला कुठला?"

"मॅडम, रायझन फाइव्ह मतलब रायझन फाइव्ह. सब सेम ही है."

सेम नाहीये. ५५००, ५६००, ५६००जी, ५६००एक्स हे सगळे रायझन ५ च. चारही सहा कोअर आणि बारा थ्रेडचे, म्हणून वरवर सारखे वाटतात. पण ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे, तर ५५०० आणि ५६००जी मध्ये त्याच्या निम्मी, १६ एमबी. गेममध्ये हा फरक दिसतो. शिवाय ५६०० पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणारा रस्ता) ४.० देतो आणि ते दोघे ३.० वर थांबतात. हे मी सांगितल्यावर काउंटरवरच्या मुलाने मागे कुणाला तरी हाक मारली, आतून "पचपन सौ" असं उत्तर आलं आणि तेव्हा कुठे कागदावर 'रायझन ५' च्या पुढे ५५०० लिहिलं गेलं. एका ओळीला एवढा वेळ.

आता ग्राफिक कार्ड. ४ जीबी, कुठलं? आधी म्हणाला, "आपके बजेट में बेस्ट." मग म्हणाला, "गेमिंगवाला." शेवटी मी खोकं दाखवायला सांगितलं तेव्हा बाहेर आलं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी.

इथे माझा संयम संपला आणि ते का, हे नीट सांगते. कारण लाइव्ह जाण्यासाठी पीसी घेणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायलाच हवं. गेम चालू असताना पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा दाबून, लहान करून नेटवर पाठवावं लागतं. हे काम दोन ठिकाणी होऊ शकतं. एक म्हणजे प्रोसेसरवर, ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला एक्स२६४ म्हणतात. पण प्रोसेसर त्याच वेळी गेमही ओढत असतो, त्यामुळे सहा कोअरवर दोन्ही कामं पडली की कुठेतरी अडखळतं. दुसरं ठिकाण म्हणजे ग्राफिक कार्डावर याच कामासाठी असलेला वेगळा भाग, एन्कोडर. एन्व्हिडियाच्या कार्डांवर त्याला एन्व्हेंक म्हणतात. तो गेमच्या वाट्याला जवळजवळ हात लावत नाही. कमी बजेटमध्ये गेमिंग आणि स्ट्रीमिंग एकाच डब्यात बसवायचं तर ही एक गोष्ट सगळ्यात जास्त महत्त्वाची.

आणि आरएक्स ६५०० एक्सटी मध्ये हा एन्कोडर नाहीच. एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या नेहमीच्या पद्धतीचाही नाही. आरएक्स ६४०० ची तीच गत. ही मूळची लॅपटॉपसाठी आखलेली चिप आहे आणि तो भाग तिच्यात ठेवलेलाच नाही. कार्ड फक्त पीसीआयईच्या चार लेन वापरतं आणि मेमरी ४ जीबीच, म्हणजे ३.० वाल्या प्रोसेसरबरोबर ते आणखी मार खातं. आणि या कोटेशनमध्ये त्याच्यासोबत प्रोसेसर कुठला होता? ३.० वाला ५५००. मी पहिल्याच वाक्यात "लाइव्ह स्ट्रीमिंगसाठी" असं सांगितलं होतं.

"ओबीएस तो सब पे चलता है," हे त्यावरचं उत्तर. चालतं, कोण नाही म्हणतंय? सगळा भार प्रोसेसरवर टाकून चालतं.

मग मी त्याला माझी यादी दिली आणि म्हटलं, यातल्या प्रत्येक वस्तूपुढे कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर आणि किंमत लिहून द्या, मी आत्ता पैसे भरते. यावर "मालक आल्यावर" असं उत्तर मिळालं. मालक आले, त्यांनी यादी पाहिली, "व्हॉट्सअ‍ॅप करतो" म्हणाले. बाहेर पाऊस धो धो, मी कांजूरमार्गहून दादरला गाडी बदलून आलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला. त्यात ग्राफिक कार्डापुढे होतं 'आरटीएक्स ३०५०' आणि रॅमपुढे पुन्हा नुसतं '१६ जीबी'.

एन्व्हिडियाची ३०५० नावाची दोन कार्डं बाजारात आहेत. ८ जीबीवाल्यात २,५६० कोअर आणि १२८ बिटची बस (कार्डाच्या मेमरीचा रस्ता), ६ जीबीवाल्यात २,३०४ कोअर आणि ९६ बिटची. नाव एकच, माल वेगळा. ३०६० चं तसंच आहे, १२ जीबीवालं १९२ बिटचं आणि ८ जीबीवालं १२८ बिटचं. मी फोन करून "सहा की आठ?" विचारलं तर पलीकडून "मॅडम, आप बहुत डिटेल में जाते हो." पैसे माझे आहेत, डिटेलमध्ये मीच जाणार. बँकेत काउंटरवर बसते मी. एखाद्या ग्राहकाने व्याजदर विचारल्यावर "सगळे सारखेच" असं सांगितलं तर लोक मला तिथे बसू देतील का?

रॅमचंही सांगते. ८ च्या दोन पट्ट्या आणि १६ ची एक पट्टी, दोन्ही '१६ जीबी'च. पण एकच पट्टी म्हणजे सिंगल चॅनल, आणि रायझनवर गेम खेळताना ते जाणवतं. पट्टी एक की दोन आणि वेग किती, हे दोन्ही लिहून घ्या. डीडीआर४ असेल तर ३२०० मागा. घरी आल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर तीच रॅम कमी वेगाने चालत राहते.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, ही सगळ्यात फसवी ओळ. '५०० वॅट' हे स्टिकरवर कुणीही छापू शकतं. आरजीबी कॅबिनेटबरोबर जो "फ्री" येतो तो हातात घेऊन बघा, वजनावरूनच शंका येते. त्यावर ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवतो याचा) शिक्का आहे का, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत, ग्राफिक कार्डासाठी ८ पिनची वायर मुळातून येते की जोड देऊन, एवढं तरी पाहा. ३०६० हे १७० वॅटचं कार्ड आहे आणि त्यासाठी एन्व्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. इथे दीड-दोन हजार वाचवून पुढचं सगळं सामान धोक्यात घालण्यात काहीही अर्थ नाही.

त्या दुकानात एक काका मुलाला घेऊन आले होते. त्यांच्याही हातात तसाच कागद, 'गेमिंग पीसी आय५' आणि एक गोल रक्कम. मुलगा एकदम खुशीत. मी त्यांना बाजूला घेऊन फक्त एवढंच सांगितलं की आय५ नंतर चार-पाच आकडे असतात, ते लिहून घेतल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका. काकांनी लगेच परत जाऊन विचारलं. त्यांना काय उत्तर मिळालं माहीत नाही, पण विचारलं याचं मला फार बरं वाटलं.

शेवटी त्याच रस्त्यावर, ग्रँट रोड स्टेशनच्या जरा जवळ, एका छोट्या दुकानात काम झालं. तिथल्या दादांनी यादी घेतली, संगणकावर एकेक वस्तू टाकली आणि छापील कोटेशन पुढ्यात ठेवलं. रायझन ५ ५६००. बी५५० चा मायक्रो एटीएक्स बोर्ड. ८ जीबी गुणिले दोन, ३२००. १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. आरटीएक्स ३०६० १२ जीबी. ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ. पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट, काचेची पाटी आणि दिवे नकोत असं मीच सांगितलं. जीएसटी धरून ६३,००० च्या आत. कार्डालाच पंचवीसएक हजार गेले आणि ते तसेच जायला हवेत. चहा येईपर्यंत माझं सगळं उरकलं होतं. म्हणजे लिहून देणं अवघड नसतं, फक्त द्यायची इच्छा लागते.

त्यांनी मला आरएक्स ६६०० चाही पर्याय दिला होता. तेव्हा स्वस्त पडत होता, नुसते गेम खेळणाऱ्यांना मी तोच सांगेन, आणि त्यात एन्कोडर आहे. पण तेवढ्याच बिटरेटला (सेकंदाला जेवढा डेटा पाठवतो तो) एच.२६४ मध्ये एन्व्हेंकचं चित्र जास्त स्वच्छ येतं, आणि मला तेच हवं होतं. जीटीएक्स १६५० कुणी जुनं स्वस्तात देत असेल तर एक लक्षात ठेवा: मूळ १६५० मध्ये मागच्या पिढीचा एन्व्हेंक आहे, १६५० सुपरमध्ये नवा. इथेही एका शब्दाने फरक पडतो.

बी४५० चा बोर्ड स्वस्तात मिळत असेल तर जुन्या साठ्यातला असल्यास बायोस अपडेट करून मागा, नाहीतर ५६०० लावल्यावर पडदा काळाच राहील. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक नाही, त्यामुळे मॉनिटरची वायर बोर्डाला नाही, कार्डालाच लावायची. इंटेलमध्ये जायचं असेल तर १२४००एफ वगैरेमधल्या 'एफ'चाही अर्थ तोच.

विंडोजचं लायसन्स हिशोबात धरा. "टाकून देतो" म्हणतात त्याचा बिलात कुठेही उल्लेख नसतो.

नेटचं आधी सांगायला हवं होतं, आत्ता आठवलं. केबलवाला सांगतो तो डाउनलोडचा वेग. तुम्हाला अपलोड लागतो. मी १०८०पी ६० ला ६,००० केबीपीएस ठेवते, कीफ्रेम (पूर्ण चित्र) दर २ सेकंदांनी, सीबीआर (म्हणजे बिटरेट कायम तोच). म्हणजे सलग ६ एमबीपीएस अपलोड आणि तासाला २.७ जीबी. निदान दुप्पट अपलोड हाताशी हवा, आणि तो रात्री नऊ-दहाला मोजा, कारण तेव्हाच सगळी बिल्डिंग नेटवर असते. शक्य असेल तर वायफाय सोडून वायर ओढा. आमच्याकडे आईच्या खोलीतून वायर न्यायची म्हणून थोडी कुरबूर झाली, पण तिने कपाटामागून जागा करून दिली.

ओबीएसमध्ये स्टॅट्स नावाची खिडकी आहे, ती लाइव्ह असताना उघडी ठेवा. तिथे नेटमुळे गळलेल्या फ्रेम्स वेगळ्या दिसतात आणि एन्कोडिंगमुळे सुटलेल्या वेगळ्या. पहिला आकडा वाढला तर केबलवाल्याला फोन, दुसरा वाढला तर दोष पीसीत किंवा सेटिंगमध्ये. माझा दुसरा आकडा शून्यावर असतो आणि तो पाहिला की त्या ६५०० एक्सटी ला नाही म्हटल्याचं समाधान आजही वाटतं.

ग्रँट रोडला फास्ट गाड्या थांबतीलच असं नाही, दादरहून स्लो पकडा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. जुळवलेला पीसी आणायला मात्र टॅक्सी करा, आणि कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्ड खाली येईल अशा बाजूने. म्हणजे कार्ड उभं राहतं आणि खड्ड्यांमध्ये त्याच्या खाचेवर ताण येत नाही.

आणि बिल. "बिल नको असेल तर कमी करतो" याला हो म्हणू नका. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर कार्ड, बोर्ड, एसएमपीएस यांचे सीरियल नंबर टाकून घ्या, आणि दुकानातच खोक्यावरच्या नंबराशी वस्तूवरचा नंबर जुळवून दोन्हींचे फोटो काढा. वॉरंटीला तेच लागतं. खोकी माळ्यावर टाका, रद्दीवाल्याला देऊ नका.