छान होती

शनिवार, रात्री सव्वाअकरा

"छान होती." एवढंच म्हणाले मी. सगळ्यांसमोर.

दादरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये वीसेक माणसं, त्यांत नंदूच्या हट्टापायी मी. फिल्म नॉर्मन मॅक्लॅरेन आणि एव्हलिन लॅम्बार्टची, १९४९ची, जेमतेम आठ मिनिटांची. कॅमेरा नाहीच. ऑस्कर पीटरसनच्या पियानोबरहुकूम थेट फिल्मच्या पट्टीवर रंग फासलेले, मग ते ओरखडलेले. गोष्ट नाही, माणूस नाही. पियानो पळतो तसे डाग पळतात. संपल्यावर दिवे लागले आणि त्या झब्बेवाल्या मुलाने एकेकाला विचारायला घेतलं, कोणता आवाज कोणत्या रंगाचा वाटला? पुढच्या रांगेतली आठ-नऊ वर्षांची पोरगी ताडकन म्हणाली, "जाड आवाज जांभळा." टाळ्या. मग कुणाला भगवा ऐकू आला, कुणाला ओला हिरवा. माझी पाळी आली आणि छान होती. नंदू वाकून चप्पल शोधायला लागला.

मुलुंडपर्यंत उभ्याने तेच घोळत होतं. बावीस वर्षं गाणं शिकलेली बाई मी. राग हा शब्दच 'रञ्ज्' धातूवरून, म्हणजे रंगवणं, हे गाण्याच्या बाई पहिल्याच महिन्यात शिकवतात. मैफल रंगली असं हजारदा म्हटलं असेन, कुठला रंग ते एकदाही विचारलं नाही स्वतःला. आमच्याकडे रंग दोनच, पेटीच्या पट्ट्यांचे. माझी गायची पट्टी काळी चार. आता त्याखालची काळी दोनसुद्धा जड जाते म्हणा, पण तो विषय नको.

कोरडी झालेय का मी? आईच्या वेळेलाही असंच झालं होतं, सगळे रडत होते आणि मी चहाचे कप मोजत होते.

छान होती! निदान 'वेगळी होती' तरी म्हणायचं.

एक मात्र खरं. मधे तो पियानो एकदम संथ होतो, रंग जातात आणि काळ्या पडद्यावर नुसत्या बारीक पांढऱ्या उभ्या रेघा थरथरत राहतात. तेव्हा माझं मधलं बोट ओढणीवर हललं. एकदा मधलं, मग तर्जनी तीनदा. तानपुऱ्याच्या चार तारा छेडतात तसं: पंचम, जोड, जोड, खर्ज. किती वेळ चाललं होतं कोण जाणे, शेजारच्या काकांनी पाहिलं तेव्हा थांबले. आता हे त्या झब्बेवाल्याला काय सांगणार, की मला काही दिसलं नाही, पण बोटाला दिसलं? सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. जन्मात पहिल्यांदा सूर न लावता.

घरी आल्यावर कपाटावरून तानपुरा काढला. गवसणीला झुरळांचा वास. जवारीचा दोरा एकाच तारेखाली उरलाय, जोडाची एक तार तुटून गुंडाळी झालेली. बाकीच्या चढवायला धीर होईना, रात्री शेजारचेही ओरडतील. नुसता खर्ज छेडला, तोही उतरलेला, ढब् असा आवाज आला.

खर्जाची तार पितळेची असते. चांगली पिवळीधमक.

जांभळा म्हणे.