चाळीस मार्कांच्या भूगोलाला एवढे नियम कशाला?

जुलैतल्या पालकसभेत हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच. यंदा मागच्या बाकावरून एका वडिलांनी विचारला. "मॅडम, भूगोलाले येवढे नियम कायले? पाठ करा अन् लिहा, झालं." पोराच्या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून दिलेले नियम त्यांनी वाचले होते, याचा मला आनंदच झाला. पण सभा संपत आली होती, बाहेर आभाळ उघडलं होतं आणि सगळ्यांना डवरणीची घाई होती. दोन वाक्यांत काहीतरी सांगून मी वेळ निभावली. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

मी वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट आणि गिरडच्या मधल्या पट्ट्यात नववी-दहावीला भूगोल शिकवते. दहावीला लेखी परीक्षेत भूगोलाला चाळीस गुण आहेत, हे खरं. पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांवर आहे. आमची पोरं अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पाऊस का पडतो ते मुद्देसूद लिहितात. वणा नदीचा पूर कोणाच्या वावरात आधी शिरतो, हे त्यात नाही आणि नसणारच, कारण ते साऱ्या राज्याचं पुस्तक आहे. पण त्याच पुस्तकाचा पहिला धडा क्षेत्रभेटीचा आहे. बाहेर पडा, बघा, विचारा, नोंदवा, असं पुस्तकच सांगतं. नववीला तर अंतर्गत हालचाली, बाह्यप्रक्रिया, वृष्टी असे सगळे डोळ्यांनी शिकायचे धडे आहेत. आपण राहतो ती जमीन सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याची आहे. तो काळा दगड कुजून मुरूम होतो, मुरूम झिजून काळी माती होते. विहीर खोदताना हेच उलट्या क्रमानं दिसतं. आधी काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. आमच्या प्रत्येक पोरानं कोणाची तरी विहीर खोदताना पाहिलेली असते. त्याला त्याबद्दल वर्गात कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

आता वहीचा नियम. निरीक्षण वही वेगळी ठेवायची आणि पेननं लिहायची. डाव्या पानावर 'पाहिलं', उजव्या पानावर 'वाटलं'. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खोडरबर किंवा पांढरी शाई वापरायची नाही. पालकांना हे फार जाचक वाटतं. वही घाण दिसते, म्हणतात. पण मला रेघ मारलेली चूक वाचता यायला हवी, कारण पोरगं काय समजत होतं ते तिथेच कळतं.

एका वर्षी पाऊस जुलैपर्यंत लांबला होता. एका मुलानं डाव्या पानावर लिहिलं, "वावरात खूप खोल भेगा." मी वही परत केली. खोल म्हणजे किती? दुसऱ्या दिवशी तो लिहून आला, "धुऱ्याजवळच्या भेगेत तुराटी तीन वीत दोन बोटं गेली, मग अडली." उजव्या पानावर होतं, "खाली दगड असेल." मी शेजारी लिहिलं, "किंवा भेग वळली असेल. कसं ठरवशील?" त्यानं ठरवलं. चार ठिकाणी तुराटी घालून पाहिली, प्रत्येक ठिकाणी ती वेगळ्या खोलीवर अडली. पाऊस पडल्यावर आठवड्याभरात त्या भेगा बुजल्या, तेही त्यानं तारखेसह टिपलं. त्यानंतर मी वर्गात मॉन्टमोरिलोनाइट हा शब्द फळ्यावर लिहिला. काळ्या मातीतलं हे खनिज आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी धरून फुगतं आणि वाळलं की आकसतं. इतका अवघड शब्द, पण त्या वर्गातल्या एकालाही तो पाठ करावा लागला नाही.

सगळ्यात जास्त तक्रारी पर्जन्यमापकाच्या नियमावर येतात, म्हणून तो सविस्तर सांगते. शाळेच्या मैदानात, झाडा-भिंतींपासून लांब आमचं पर्जन्यमापक आहे. पहिलं आम्ही सरळ उभ्या कडांच्या बाटलीचं केलं होतं. वरचा भाग कापून उलटा बसवला, तळाच्या खोलगटीत बारीक गिट्टी घालून पाणी शून्याच्या खुणेपर्यंत भरलं. पाऊस सकाळी साडेआठला मोजायचा. हवामान खातंही साडेआठलाच मोजतं, त्यामुळे आमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. शाळेजवळ राहणाऱ्या पोरांच्या आठवड्याच्या पाळ्या लावल्या आहेत. वाचन राहून गेलं तर त्या रकान्यात आडवी रेघ मारायची आणि पुढच्या वाचनाला 'दोन दिवसांचा मिळून' असं लिहायचं. अंदाजानं आकडा भरायचा नाही. वाचन राहिल्याबद्दल मी कोणाला रागावत नाही. अंदाजानं आकडा भरल्याबद्दल मात्र वही परत करते आणि पोराशी एकट्यानं बोलते.

दोन-तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये रात्रभर पाऊस झाला. सकाळी आमच्या मापकात ४८ मिलिमीटर भरले. एका मिलिमीटरला चौरस मीटरमागे एक लिटर पाणी, म्हणजे ४८ मिलिमीटरला एका एकरावर सुमारे १ लाख ९४ हजार लिटर. पोरांनी फळ्यावर गुणाकार केला आणि वर्ग क्षणभर गप्प झाला. दुपारी एक शेतकरी शाळेत आले. त्यांच्या नाल्याकाठच्या वावरात सोयाबीन पाण्याखाली गेलं होतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की भरपाईसाठी अतिवृष्टी धरतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. ते म्हणाले, "तुमच्या वहीत थोडं जास्त लिवलं त तुमचं काय जाते, मॅडम?"

मी नाही म्हटलं. आमचं मापक सरकारी नाही, आमच्या वहीवर पंचनामा होत नाही, हेही सांगितलं. पण खरं कारण ते नव्हतं. ते उभे होते तिथून चार पावलांवर, ज्या मुलीनं सकाळी ४८ लिहिलं होतं ती उभी होती. तिच्यादेखत मी तो आकडा बदलला असता, तर वर्षभराच्या वहीतला एकही आकडा तिच्यासाठी खरा राहिला नसता.

त्या माणसाचं नुकसान खोटं नव्हतं, ही गोष्ट मला रात्रभर टोचत राहिली. ४८ मिलिमीटरमध्ये वावर कसं बुडालं? दुसऱ्या दिवशी, नाला उतरल्यावर, त्यांची परवानगी घेऊन मी नववीच्या पोरांना त्या वावराच्या धुऱ्यावर घेऊन गेले. डाव्या पानावर त्यांनी लिहिलं की पाणी पिकाच्या कोणत्या ओळीपर्यंत उभं आहे, झाडावर गाळाची खूण किती उंचीवर आहे, नाल्याच्या वळणावर काय अडकलंय. वरच्या चार गावांचं पाणी त्याच नाल्यात येतं, आणि त्या वळणावर गाळ नि झुडपं साचून पात्र अरुंद झालं होतं. पाऊस आमच्या अंगणात ४८ होता, पूर मात्र वरच्या अंगानं आला होता. त्या पानांमुळे त्यांना पैसे मिळाले नाहीत. पण जे घडलं होतं ते तारीख-वेळेसह आजही वहीत आहे, आणि ४८ हा आकडा तिथेच आहे. माझ्या सगळ्या नियमांच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहायचं नाही, आणि जे पाहिलं ते कोणासाठी बदलायचं नाही.

गिरडच्या सहलीचे नियम याच कारणानं आहेत. तिथल्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, आणि टेकडीवर सापडणाऱ्या गोल, सुपारी-जायफळासारख्या दगडांची कथा आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकली आहे. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल दगड झाला, तेच हे दगड. भूगोलाच्या अंगानं बघितलं तर लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाण्यातून झिओलाइटसारखी खनिजं साचली, आणि भोवतीचा दगड झिजल्यावर ते गोटे सुटे झाले. एका मुलीनं विचारलं, "मग कथा खोटी आहे का, मॅडम?" मी तिला सांगितलं की कथा वहीत लिहायची, कोणाकडून ऐकली त्यांचं नावही लिहायचं, पण तिचं पान वेगळं ठेवायचं. 'पाहिलं'च्या पानावर दगड येईल, त्याचं वजन, रंग, फुटलेल्या बाजूचे चकाकते स्फटिक येतील. गिरडला कोणाच्या श्रद्धेवर हसायचं नाही आणि तिथला एकही दगड खिशात घालायचा नाही. नमुने हवे असतील तर विहिरीतून काढलेल्या मलब्यात मिळतात, मालकाला विचारून तिथून घ्यायचे. हातोडा फक्त शाळेचा, डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय तो कोणी उचलायचा नाही. चुनखडीवर आम्लाचा थेंब मीच टाकते. फसफसणं सगळ्यांनी बघायचं.

साधन तुटलं तर लगेच सांगायचं, शिक्षा नाही. हे सांगताना मी पोरांना हिंगणघाटच्याच एका कबरीची गोष्ट सांगते. १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचं कोन मोजायचं थिओडोलाइट अर्ध्या टनाचं होतं. १८०८ मध्ये तंजावरला मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटून ते आपटलं. लॅम्बटननं दुसऱ्या कोणाच्या माथी दोष मारला नाही. तंबूत बसून सहा आठवडे ते स्वतःच्या हातानं दुरुस्त केलं. आमच्या शाळेतला होकायंत्राचा काटा दोनदा निसटला, आणि दोन्ही वेळा पोरांनी आपण होऊन सांगितलं.

सुरक्षेच्या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. नाल्याला पाणी असेल तर ओलांडायचा नाही, गुडघाभर असलं तरी नाही, सहल अर्धी राहिली तरी नाही. नागपूर भागातले जीवाश्म गोळा करणारे, या मातीच्या अभ्यासाचा पाया घालणारे स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन काळी गोलाकार मांडलेले दगड, पाहून परतताना ओढ्यात बुडून गेले. या प्रदेशाचा दगड न् दगड ओळखणारा माणूस होता तो. वीज चमकत असेल तर मापकाकडे जायचं नाही. वाचन दहा वाजता झालं तरी चालेल, वेळ दहाची लिहायची.

गैरहजेरीबद्दल आया जास्त विचारतात. सोयाबीन काढणीला, कापूस वेचणीला पोरं घरी राहतात. मला ते आवडत नाही आणि मी तसं घरी येऊन सांगते. पण त्या पोराला वर्गात मागे पाडून प्रश्न सुटत नाही. प्रत्येकाला एक जोडीदार दिलाय, तो रोज वही पोचवतो. उशिरा आलेलं काम मी घेते, एका अटीवर की त्यावर ज्या दिवशी केलं तीच तारीख हवी. मागची तारीख टाकलेलं काम, कितीही सुंदर असलं तरी, परत जातं.

आठवड्याला एक प्रश्न वहीत लिहायचा, हा शेवटचा नियम. काही प्रश्नांचं उत्तर मलाही येत नाही आणि मी तसं वर्गात म्हणते. लोणारच्या सहलीत हे फार कामी येतं. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्याच काळ्या दगडात, उल्केच्या आघातानं झालेलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. त्याचं वय एका पद्धतीनं ५२ हजार वर्षांच्या आसपास आलं, नंतर दुसऱ्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. पोरं विचारतात, परीक्षेत कोणतं लिहायचं? मी सांगते, पुस्तकात जे असेल ते लिहा. वहीत मात्र दोन्ही लिहा आणि कशावरून मोजलं तेही लिहा. २०२० च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं तेव्हा गावोगाव काय काय बोललं जात होतं, ते तुम्हाला आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले, आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग आल्याचं दिसलं. तोवर 'वाटलं'चं पान भरलेलं होतं आणि 'पाहिलं'च्या पानावर एकच शब्द होता, गुलाबी. मला ते पान फार आवडतं.

बोर्डाची काळजी करू नका. नकाशे, आलेख, उत्तरं लिहिण्याचा सराव शनिवारी घेते, आणि दिवाळीनंतर रोज.

यंदा प्रश्न विचारणाऱ्या त्या वडिलांना एक निरोप आहे. तुमच्या मुलाची पर्जन्यमापकाची पाळी सोमवारपासून आहे. तो साडेआठला पोचेल एवढं बघा. वीज चमकत असेल तर घरीच ठेवा, आणि उशीर झाला तर त्याला खरी वेळ लिहू द्या.