वाळू, तेल आणि एक मिटलेला डोळा

प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे. ही ओळ मला कधी पाठ झाली ते आठवत नाही. मुद्दाम पाठ न करता तोंडात बसलेल्या ओळींपैकी ती एक. म्हणताना 'रगडिता'पाशी दात जरा आवळले जातात आणि 'गळे'ला जीभ सैल पडते. ती आवडण्याचं निम्मं कारण तेच असावं. बाकीची प्रेरणादायी वाक्यं बसून उपदेश करतात, ही ओळ स्वतः घाम गाळते.

कामाच्या टेबलासमोरची भिंत बरेच दिवस रिकामी होती. तिथे ही ओळ लावायची असं ठरवलं, पण नुसती छापून नाही, तिचं कोलाज करून. तेही डिजिटल. कात्री नको, डिंक नको, बोटं चिकट व्हायला नकोत. ए-फोर आकाराचं कोरं पान उघडलं, इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने २४८० बाय ३५०८, आणि त्या पांढऱ्या मैदानाकडे बघत बसले.

पहिल्या संध्याकाळी जे तयार झालं ते सांगायला लाज वाटते. वाळूचा ढीग, त्यावर आवळलेली मूठ, मुठीतून ओघळणारा सोनेरी थेंब आणि मागे उगवता सूर्य. सूर्य कशाला, ते विचारू नका. प्रेरणा म्हटलं की हात आपोआप सूर्याकडे जातो. मी खुर्चीत मागे रेलून कौतुकाने बघत होते, तेवढ्यात भाची येऊन मागे उभी राहिली.

"मावशी, कुठल्या तेलाची जाहिरात आहे ही?"

राग आला, पण तिचं काही चुकलं नव्हतं. ओळीत वाळू आहे म्हणून वाळू, तेल आहे म्हणून तेल. शब्द जे सांगून मोकळे झाले होते तेच माझं चित्र पुन्हा, वरच्या पट्टीत सांगत होतं. पिकासोने १९१२ साली एक स्थिरचित्र केलं, कोलाजचा इतिहास सांगताना बहुतेक तिथूनच सुरुवात करतात. त्यात वेताच्या खुर्चीची वीण त्याने रंगवली नाही. वीण छापलेल्या मेणकापडाचा तुकडा चिकटवला आणि चौकट म्हणून चित्राभोवती दोर गुंडाळला. म्हणजे खरा वेत नाही, रंगवलेला वेतही नाही, वेताचं छापील सोंग! पण त्या तुकड्याला आधीचं एक आयुष्य होतं, आणि ते घेऊन तो चित्रात आला. माझ्या सोनेरी थेंबालाही आधीचं आयुष्य होतंच म्हणा. शंभर जाहिरातींचं.

सगळं पुसलं. सूर्य सगळ्यांत आधी.

दुसऱ्या संध्याकाळी श्लोक शोधला तो केवळ शुद्धलेखनासाठी. 'रगडिता' की 'रगडितां', एवढंच बघायचं होतं. भिंतीवर चूक लावली तर रोज तिच्याकडेच नजर जाणार. मूळ श्लोक भर्तृहरीच्या नीतिशतकातला, मराठीत तो वामन पंडितांनी सतराव्या शतकात आणला. शोधता शोधता पहिल्या ओळीच्या पुढचंही वाचलं, आणि जागच्या जागी थबकले. भर्तृहरी म्हणतो ते साधारण असं: खटपट केली तर एक वेळ वाळूतून तेल निघेल, तहानलेल्याला मृगजळाचं पाणीसुद्धा पिता येईल, भटकता भटकता सशाचं शिंगही सापडेल, पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाचं मन काही केल्या वळवता येणार नाही.

म्हणजे हे प्रयत्नाचे गोडवे नव्हतेच! मूर्खांपुढे हात टेकलेल्या माणसाचा तो सुस्कारा होता. वाळूचं तेल तिथे आलंय ते सशाच्या शिंगाच्या पंगतीला, अशक्य गोष्टींच्या यादीत. आणि मी मात्र इतकी वर्षं कुठलंही काम अडलं की तीच ओळ म्हणून बाह्या सरसावत आले.

थोडा वेळ फसवल्यासारखं वाटलं. मग, खरं सांगते, कौतुक वाटलं. कुणीतरी कधीतरी या श्लोकाला कात्री लावली. नेमकी पहिल्या ओळीनंतर. मूर्ख, ससा, मृगजळ सगळं तिकडेच राहिलं आणि हातात आला तो एवढासा तुकडा उलट्या अर्थाने उभा राहिला. मी जे तीन संध्याकाळी करू पाहत होते ते कुणी तरी एका फटक्यात करून ठेवलं होतं. सुविचार म्हणून आपण जे जे मिरवतो ते बहुतेक कात्रणच असतं. कडेला कुठे तरी फाटल्याची खूण असते, आपण बघत नाही इतकंच.

मग माझंही ठरलं. कापून टाकलेलं पुन्हा गोळा करायचं.

जुन्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकातलं सशाचं एक कोरीव चित्र मिळालं, प्रताधिकार केव्हाच संपलेलं. त्याला पार्श्वभूमीतून सोडवायचं होतं. लॅसो नावाच्या साधनाने कडेकडेने रेघ ओढत जायचं, हे ऐकायला सोपं आहे. सशाला मिशा असतात हे मला तोवर इतक्या तीव्रतेने जाणवलं नव्हतं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाच्या बाई होत्या. त्यांनी ७२व्या वर्षी रंगीत कागद कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं चिकटवायला घेतली, एकेका फुलात कधी कधी शेकडो तुकडे. अशी ९८५ फुलं झाली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्याकडे कंट्रोल झेड, म्हणजे केलेलं मागे घ्यायची सोय, नव्हती. मी डाव्या बाजूच्या तिसऱ्या मिशीपाशी ते अकरा वेळा दाबलं आणि शेवटी मिशी कापूनच टाकली. शिंग गेंड्याचं लावलं. सशाला ते शोभतं.

वाळूचं काय करायचं हा प्रश्न होताच. इंटरनेटवरून घेतलेला फोटो ७५० पिक्सेल रुंद होता. पडद्यावर भरगच्च दिसायचा, पण ३०० च्या हिशेबाने कागदावर अडीच इंच. ताणला तर वाळूची लापशी व्हायची. मग सुचलं, खरी वाळूच स्कॅन करू. जुन्या फिशटँकच्या तळची चिमूटभर वाळू होती. ती स्कॅनरच्या काचेवर पसरली, वरून झाकण लावलं आणि कण नीट बसावेत म्हणून झाकण जरा दाबलं. जरासंच. वाळूत बहुतेक क्वार्ट्झ असतं. कठीणपणाच्या मोह्ज मापात क्वार्ट्झ ७ वर आणि साधी काच साडेपाचच्या आसपास, हे मी नंतर वाचलं. वाळूचे कण रगडल्यावर तेल गळालं नाही. काचेवर बोटभर लांब ओरखडा मात्र आला.

तो अजून आहे. या घरात जो जो कागद स्कॅन होतो, त्यावर उजव्या कोपऱ्यात एक केस पडल्यासारखा दिसतो.

पण वाळू काय सुंदर आली! पडद्यावर मोठी करून पाहिली तर एकही कण दुसऱ्यासारखा नाही. एक काचेच्या तुकड्यासारखा पारदर्शक, एक मधाच्या रंगाचा, एक काळा कुळकुळीत, आणि एकाला चक्क शिंपल्याची कड. डिजिटल कोलाजमध्ये एकेक तुकडा वेगळ्या थरावर, म्हणजे लेयरवर, ठेवता येतो. वाळूच्या थराला 'मल्टिप्लाय' नावाची मिसळण्याची रीत लावली. हा नावाप्रमाणे खरोखरच गुणाकार असतो. वरच्या आणि खालच्या रंगाचे आकडे गुणले जातात. पांढरा म्हणजे एक, म्हणून पांढरं असेल तिथे खालचं जसंच्या तसं दिसतं. काळा म्हणजे शून्य, तो काळाच राहतो. स्कॅनरची पांढरी पार्श्वभूमी अशी आपोआप विरघळून गेली आणि कण सशाच्या पाठीवर सांडल्यासारखे दिसू लागले. ओरखडाही आला सोबत. तो पुसायला साधन होतं. नाही पुसला.

अक्षरांनी मात्र रडवलं. पहिल्या अॅपमध्ये 'प्रयत्ने'ची जोडाक्षरं फुटून पायमोडकी झाली आणि 'रगडिता'ची वेलांटी 'ड'च्या आधी बसायची ती मागे जाऊन बसली. दुसऱ्या अॅपमध्ये अक्षरं शहाण्यासारखी वागली, पण ओळ पानभर पसरावी म्हणून मी अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषा तुटली. रोमन अक्षरं लांब उभी केली तर ऐटबाज दिसतात. देवनागरी शब्द एका दोरीवर वाळत घातल्यासारखा असतो, दोरी तुटली की कपडे खाली. आधी तुटलेले सांधे बारीक रेघांनी जोडत बसले, अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब करत. रात्री एक वाजता लक्षात आलं की तुटलेलीच बरी दिसतेय. 'रगडिता' तुटक ठेवलं, कणाकणाचं. 'गळे' मात्र सलग, शेवटच्या मात्रेपर्यंत.

मृगजळासाठी तळाशी एक निळसर पट्टा पुसट केला. त्यात ओळीची पहिली दोन अक्षरं उलटी हलताना दिसतात. तेल कुठेच नाही.

राहिला मूर्ख. त्याला कुठे बसवावं हे तीनही संध्याकाळी सुचलं नाही. भिंतीवर नको होता, पण कापून टाकायलाही मन होईना. मास्क आणि लेयर वापरता वापरता एक सवय लागते. काही पुसायचं म्हणून नाही, फक्त झाकायचं. मी त्याचा लेयर केला, त्याला नाव दिलं, आणि नावाशेजारचं डोळ्याचं चिन्ह मिटवून टाकलं. छापताना तो येत नाही. फाइलमध्ये असतो.

छापील प्रत आता भिंतीवर आहे. भाचीला आवडली. सशाचं शिंग सोडून सगळं आवडलं, असं तिने स्पष्ट सांगितलं. नंतर तिला तिच्या कुठल्याशा प्रकल्पासाठी वाळूचा थर हवा होता, म्हणून मी मूळ फाइलच उघडून दिली आणि आत गेले. थोड्या वेळाने बाहेरून हाक आली.

"मावशी, या 'मूर्ख' नावाच्या लेयरवर तुझा फोटो का आहे? आणि हे तू स्कॅनरचं झाकण दाबतेयस का?"