झाकलेली उघडी गाडी

"उघडी गाडी घेतलीस आणि पावसाळाभर झाकून ठेवतोस?" चहा पिता पिता नाना एवढंच म्हणाले, आणि निघाले. थट्टाच ती. पण रात्र झाली तरी डोक्यातून जात नाहीये.

झाकून ठेवण्यात काय काय येतं, ते कोण बघतंय? माझी एमजी टीडी म्हणजे जुनी विलायती, कापडी टपाची गाडी; तिच्या बॉडीचा सांगाडा अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा, पायाखाली प्लायवूड. पत्र्याला चढलेला गंज दिसतो तरी. दाराचा खांब आतून कुजला की दार लटकायला लागेपर्यंत कळत नाही. शिवाय बडोद्याची वाळवी. म्हणून प्लास्टिकचं कव्हर नको. जमिनीची ओल वर येते, कव्हरच्या आतून थेंब धरतात आणि छपराखाली उभी गाडी भिजते. कव्हर सुती हवं. गालिचे आणि त्यांच्याखालचा नमदा उचलून घरात आणायचे, नाहीतर ते पाणी धरून बसतात आणि प्लायवूडचे थर सुटतात.

टप ओला असताना दुमडायचा नाही, वर ताणूनच पंख्याखाली सुकू द्यायचा. घडी घालून ठेवला तर बुरशी धरते, कापड आक्रसतं आणि मग बटणं भोकांपर्यंत पोचत नाहीत. धुवायला साधं पाणी नि मऊ ब्रश. डिटर्जंटने कापडाचा पाणी अडवण्याचा गुणच जातो. मागच्या प्लास्टिकच्या खिडकीच्या घडीत जुन्या नऊवारीचा तुकडा, म्हणजे चरे पडत नाहीत.

एवढं करून वर ऐकायचं काय, तर झाकून ठेवतोस. विश्वामित्री नदीचं पाणी 2024च्या ऑगस्टमध्ये गावात शिरलं तेव्हा... जाऊ दे.

आणि नुसती झाकून तरी कुठे ठेवतो? हँडब्रेक ओढून ठेवला तर दमट हवेत ब्रेकशू ड्रमला चिकटतात, म्हणून हँडब्रेक सोडून चाकांना विटा. टाकी भरलेली, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेतलं पाणी आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओढून घेतं. फार झालं की ते पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. जुने रबरी पाइपही इथेनॉलने फुगतात, ते बदलून घेतलेले बरे. ब्रेक ऑइलही ओल शोषतं, आतून व्हील सिलिंडर खातं; दोन वर्षांनी बदलायचंच. जागेवर दहा मिनिटं इंजिन फिरवणं सगळ्यात वाईट: ते पुरतं तापत नाही, पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं.

म्हणजे उघडीप मिळाली की वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर काढावीच लागते. तिकडे इंग्लंडात, अ‍ॅबिंगडनमध्ये ही गाडी बांधणाऱ्यांनी त्यांच्या रिमझिमीचा विचार केला असेल. आपल्याकडे तासाभरात अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा बोगदा, भरतं. उजव्या साइडस्क्रीनच्या, म्हणजे काचेऐवजी दारावर लावायच्या पडद्याच्या, फटीतून पाणी गुडघ्यावर येणारच, त्याला रबराची पट्टी लावून बघणाऱ्यांना माझ्या शुभेच्छा. नाना म्हणतात ते खरंही असेल. झाकलेली असो की बाहेर काढलेली, गाडी आपली ओलीच.

गरनाळ्यात मात्र जायचं नाही. पाणी रिमच्या खालच्या कडेला लागलं की मागे फिरायचं, कारण त्यापुढे पाणी ब्रेकच्या ड्रममध्ये शिरतं आणि ब्रेकशूवरचं लायनिंग घसरतं. शिरलंच तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर न सोडता, डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून थोडं अंतर जायचं; उष्णतेने लायनिंग सुकतं. एक बाजू आधी सुकते, तेवढा वेळ गाडी त्या बाजूला ओढते, स्टिअरिंग घट्ट धरायचं. मिसफायर झालं, म्हणजे इंजिन अडखळलं, तर आधी प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतून कोरडी पुसायची आणि केसाएवढी चीर आहे का ते उजेडात बघायचं. कार्ब्युरेटरला नंतर हात लावायचा.

रात्री रावपुऱ्याच्या गर्दीत अडकलं की डायनॅमोची पंचाईत. सावकाश फिरताना तो दिवे आणि वायपर दोन्ही पेलत नाही, अ‍ॅमीटरचा काटा उणेकडे झुकतो, म्हणजे बॅटरी उतरायला लागते. दिवे तर बंद करता येत नाहीत, म्हणून सिग्नलला वायपर बंद आणि न्यूट्रलमध्ये इंजिन जरा चढं ठेवायचं. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.