नळाचा दिवस आणि खाली आलेली पिशवी

गर्भाशय, म्हणजे पिशवी, किंवा योनीच्या भिंती जागा सोडून खाली येतात, त्या दुखण्याला आमच्या सोलापुरात बायका प्रोलॅप्स म्हणत नाहीत. "अंग बाहेर येतंय", "मायांग उतरलंय", "पिशवी खाली आलीय" असं म्हणतात, तेही स्वयंपाकघरात, आवाज बारीक करून. व्यायाम, रिंग आणि शेवटी ऑपरेशन असं तिन्ही माझं करून झालंय. आता आम्ही पाच-सहा जणी एकमेकींबरोबर दवाखान्यात जातो. माझं रडगाणं गायला मी बसलेली नाही. कुठे काय विचारायचं, घरी काय करायचं आणि काय कुठे बिघडतं, तेवढं लिहिते.

सकाळी काहीच नसतं. दुपारनंतर ओटीपोटात ओढ लागते, कंबर भरून येते आणि संध्याकाळी धुताना हाताला लिंबाएवढा मऊ गोळा लागतो. आडवं झालं की आत जातो. म्हणून तर बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. हा गोळा दरवेळी पिशवीचाच असतो असं नाही. योनीची पुढची भिंत सैल झाली तर मूत्राशय खाली झुकतं, मागची झाली तर गुदाशय पुढे फुगतं आणि वरचे आधार ढिले झाले तर पिशवी उतरते. पुष्कळदा दोन गोष्टी एकदमच असतात. पुढची भिंत असेल तर लघवी एका दमात होत नाही, उठलं की परत बसावंसं वाटतं. मागची असेल तर शी अडकते आणि बोटाने आधार दिल्याशिवाय सुटत नाही. हे कुणी कुणाला सांगत नाही, पण डॉक्टरांना जरूर सांगा, मागच्या भिंतीचा अंदाज त्यावरून येतो. तसा आधार दिल्याने इजा होत नाही. नखं कापलेली हवीत आणि हात स्वच्छ.

शेजारणीला विचारायचं असेल तर पिशवीपासून सुरुवात करू नका, ती "मला काही नाही" म्हणून मोकळी होते. "अक्का, लघवी करून उठल्यावर परत जावं लागतं का?" एवढंच विचारा. पुढचं ती आपणहून सांगते.

तपासणीत एक चूक हमखास होते. सकाळी दहाला रिकाम्या पोटी जायचं, टेबलावर आडवं व्हायचं, आणि कागदावर येतं: "थोडं खाली आलंय". आडवं झालं की गोळा आत जातोच! जमलं तर दुपारनंतर जा. खोकायला आणि जोर लावायला सांगतील तेव्हा लाजून अर्धवट करू नका. तरीही गोळा दिसला नाही तर "उभी राहते, तसं तपासा" म्हणा. मग पायरी, म्हणजे स्टेज, विचारा आणि ती कागदावर लिहून घ्या. मोजमाप योनीच्या तोंडापासून सेंटिमीटरमध्ये होतं. तोंडाच्या एक सेंटिमीटर आतपासून एक सेंटिमीटर बाहेरपर्यंत आलं तर दुसरी पायरी, त्याहून बाहेर तिसरी, आणि पूर्ण उलटून बाहेर आलं तर चौथी. पहिलीत ते याहून आत असतं. सहा महिन्यांनी वाढलंय की तेवढंच आहे हे "थोडं" या शब्दावरून कळत नाही, आकड्यावरून कळतं.

लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरली ते सोनोग्राफीत बघून घ्यायचं. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि जळजळ परत परत होते. पिशवी पूर्ण बाहेर असेल तर किडन्याही बघायला सांगा, कारण मूत्रवाहिन्या वाकून लघवी वर तुंबू शकते. आणि पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं तर ते गोळा घासल्यामुळेच असेल असं घरबसल्या ठरवू नका. पिशवीच्या अस्तराची तपासणी वेगळी करावी लागते.

होतं कशाने? बाळंतपणं, अडलेलं मोठं बाळ, चिमटा लावून केलेली सुटका, ही सुरुवात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होऊन ऊती पातळ होतात. त्यावर रोजचा दाब येतो: जुनाट खोकला, मलावरोध, वजन उचलणं. विड्या वळणाऱ्या बायकांना तंबाखूच्या धुळीने खोकला सुटतो आणि प्रत्येक ठसक्याला खाली धक्का बसतो. पण सोलापुरात सगळ्यात मोठं ओझं पाण्याचं. नळ रोज येत नाही, आला की पुढच्या तीन-चार दिवसांचं भरून ठेवायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरच्या वीस बादल्या म्हणजे तासाभरात तीनशे किलो, वाकून उचललेलं. पितळी घागर असेल तर तिचं वजन निराळं. त्यामुळे औषधाच्या आधी नळाचा दिवस सुधारायचा. नळापासून पिंपापर्यंत जाड नळी टाका. पिंप दोन विटा उंच ठेवा आणि त्याला खालून तोटी बसवून घ्या, म्हणजे बुडवून उपसणं नको. उचलायलाच लागलं तर पाच लिटरचा कॅन, अंगाशी धरून, उचलताना श्वास सोडत आणि त्याच क्षणी खालचे स्नायू आत ओढून. श्वास कोंडून उचललं की सगळा जोर खालीच जातो.

हे स्नायू ओळखणं वाटतं तेवढं सोपं नाही. अमेरिकेतल्या डॉ. अरनॉल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला केगल म्हणतात. चारचौघांत वारा अडवतो तसं मागून आणि लघवी थांबवतो तसं पुढून, दोन्ही एकदम आत आणि वर ओढायचं. आपला सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळून खुर्चीवर उभा-लांब ठेवा आणि त्यावर बसा. बरोबर केलं तर टॉवेलवरून अंग उचलल्यासारखं वाटतं. टॉवेलवर दाब वाढला तर तुम्ही जोर खाली देताय. ही सगळ्यात घातक चूक आहे, महिनाभर असं केलं तर गोळा वाढायचा. पोट, मांड्या आणि कुल्ले सैल हवेत, श्वास चालू हवा. सुरुवातीला पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा, असं आठ ते दहा वेळा. मग दहा वेळा झटपट. दिवसातून तीनदा. पुढे दहा सेकंदांपर्यंत न्या. लघवी चालू असताना करून बघायची सवय लावू नका. पहिल्या-दुसऱ्या पायरीला निदान सोळा आठवडे नेमाने केल्याशिवाय "उपयोग नाही" म्हणायचं नाही. तिसऱ्या-चौथीत नुसत्या व्यायामाने गोळा आत जाऊन बसत नाही, तिथे खोटी आशा लावू नये. विडी कामगार बायका मोजणीची युक्ती करतात: एक बंडल बांधून झालं की एक ओढ. मोजत बसावं लागत नाही.

मलावरोधाचं थोडक्यात. ज्वारीची भाकरी आहेच, कडक असली तर आमटीत कुस्करा. इसबगोल दोन चमचे घ्यायचा तर मोठा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्या आणि वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलच आत घट्ट होतो. पाणी वाचवायचं म्हणून प्यायचं पाणी कमी करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ही काटकसर नको.

आता रिंग. डॉक्टर पेसरी म्हणतात. ऑपरेशन नको असेल, करता येत नसेल किंवा लांबवायचं असेल, तर ही खरंच चांगली सोय आहे, आणि आपल्याकडे तिचं नाव फार कमी निघतं याचा मला राग आहे. गोल रिंग सिलिकॉनची किंवा पीव्हीसीची असते, माप मिलिमीटरमध्ये. पहिलंच माप बसेल असं नाही, दोन-तीन बघावी लागतात. रिंग आणि भिंत यांच्यामध्ये बोट सहज फिरलं पाहिजे. बसवल्यावर लगेच घरी पळू नका. तिथेच चाला, खोका, उकिडवं बसा आणि लघवी करून दाखवा. निसटली तर माप लहान, दुखली किंवा लघवी अडली तर मोठं. नीट बसलेली रिंग आत आहे हे जाणवतसुद्धा नाही.

स्वतः काढता-घालता आली तर उत्तम. एक पाय स्टुलावर ठेवा, रिंग दुमडून कडेला जेल लावा, मागे-वर सरकवा आणि सोडून द्या. काढताना पुढच्या हाडामागे बोट अडकवून खाली ओढा. साध्या साबणाने धुवा. आठवड्यातून एक रात्र बाहेर ठेवली तर स्राव कमी राहतो. ज्यांना जमत नाही त्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, काढून तपासून घ्यायची. क्यूब नावाची चौकोनी पेसरी मात्र रोज रात्री काढावीच लागते. पाळी गेलेल्या बाईला बहुधा इस्ट्रोजेनचं क्रीम देतात, पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर क्रीम लिहून घेण्याआधीच सांगा. घाण वास, रक्त किंवा दुखणं सुरू झालं तर रिंग भिंतीला रुतत असू शकते. रिंगचा खरा धोका विसरण्यात आहे. वर्षानुवर्षं आत राहिलेली रिंग भिंत कुरतडून मूत्राशयापर्यंत भोक पाडू शकते. म्हणून पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि घरातल्या एका माणसाला, सून असो की लेक, माहीत असू द्या.

ऑपरेशनचं ठरलं तर एक प्रश्न विसरू नका: "नुसती पिशवी काढणार की आधारही शिवणार?" पिशवी ही लोंबलेली वस्तू आहे, ढिला झालेला आधार नव्हे. आधार न शिवता काढली तर पुढे योनीचं वरचं टोकच खाली येऊ शकतं. खालून पिशवी काढून पुढची-मागची भिंत शिवणं आणि टोक आतल्या अस्थिबंधाला (लिगामेंटला) बांधणं, हा नेहमीचा मार्ग. तरुण बाईची पिशवी राखून वर बांधायची ऑपरेशनं आहेत, त्यांतल्या दोनांना शिरोडकर आणि पुरंदरे ही आपल्याच डॉक्टरांची नावं आहेत. आधारासाठी योनीतून कृत्रिम जाळी (मेश) बसवायचा विषय निघाला तर नीट चौकशी करा, अमेरिकेत यासाठीच्या जाळ्यांची विक्री २०१९ मध्ये बंद करायला लावली. त्याच वर्षी आपल्याकडे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, एवढ्यावर कुणी पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

दुसरा प्रश्न: "गोळा आत ढकलून खोकायला लावून बघितलं का?" गोळ्यामुळे मूत्रनळी दुमडून लघवीची गळती दबलेली असते. गोळा गेला की शिंकताना थेंब येऊ लागतात आणि बाईला वाटतं ऑपरेशन बिघडलं.

बाहेर राहून घासलेल्या भागावर जखम असेल तर ती भरल्याशिवाय शिवत नाहीत. गोळा आत ढकलून ग्लिसरीन-अॅक्रिफ्लेविन या जंतुनाशकाची पट्टी रोज बदलतात. "गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) होऊ दे, लग्न होऊ दे" म्हणत तारीख पुढे नेणाऱ्यांनी ही जखम तरी बघून घ्यावी. साखर आणि खोकला आधी आटोक्यात हवेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे भरती व्हायच्या आधी, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आमच्या पूर्व भागातल्या कित्येक अक्कांचं दुखणं तेलुगूतच नीट सांगता येतं, तर सोबत तेलुगू येणारी बाई न्या.

पहिला दिवस आत पट्टी आणि लघवीची नळी असते. नळी काढल्यावर लघवी मोजून देतात, झाली नाही तर नळी परत घालतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. टोक अस्थिबंधाला बांधलं असेल तर कुल्ल्यात, बहुतेक उजव्या, काही आठवडे कळ येते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धाग्याचे तुकडे पडतात, ते ओढायचे नाहीत. उठताना आधी कुशीवर वळून हाताने रेटा द्या. सहा आठवडे भारतीय संडासावर बसण्यापेक्षा कमोडची खुर्ची बरी. घरात दिवसातून चार वेळा चाला, नाहीतर पायात रक्ताची गाठ होऊ शकते. ताप १००.४ च्या वर, तासाला एक पॅड भिजणं, लघवी अडणं, पिंढरी सुजून दुखणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

आणि पाणी. ऑपरेशनच्या तारखेआधी आम्ही नळाचे दिवस मोजून कागदावर नावं लिहितो: पहिले सहा आठवडे तिच्या घरचं पाणी कोण भरणार, भिजलेल्या चादरी कोण पिळणार, दळण कोण आणणार. डबे आणून देणाऱ्या पुष्कळ मिळतात. पाणी भरायला माणूस मिळत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात बाईला बरं वाटायला लागतं तेव्हाच ती स्वतः घागर उचलते. नेमकं तेव्हाच टाके विरघळत असतात आणि आतली जखम कच्ची असते. म्हणून आमच्यातली एक जण तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात नळाच्या वेळी तिच्या घरी जाऊन नुसती बसते. सासूबाई समोर असतील तर आम्ही डॉक्टरांच्या कागदावरची ओळ मोठ्याने वाचून दाखवतो: बारा आठवडे जड उचलायचं नाही. ही ओळ डिस्चार्जच्या वेळी मागून, मराठीत लिहून घ्यावी लागते.

सहा आठवड्यांनी दाखवायला जाल तेव्हा जुना कागद न्या, परत पायरी मोजून त्याच्याच खाली लिहून घ्या. संबंध त्या तपासणीनंतरच. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत संध्याकाळी पुन्हा ओढ लागली तर बहुतेक पुढची भिंत असते. त्या दिवशीही दुपारनंतरच जा.