नवरात्रानंतरची टाच आणि न दुखणारी जखम

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते, मोरीपर्यंत चालत गेलं की ती ओसरते आणि संध्याकाळी पुन्हा डोकं वर काढते. एवढं ऐकलं की निदान जवळजवळ झालंच. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायाखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. त्याला प्लांटर फेशिया म्हणतात. तो टाचेच्या हाडाला जिथे चिकटलेला असतो तिथे ताण खाऊन खाऊन दुखायला लागतो. रात्रभर पाय सैल पडलेला असताना पट्टा आखडतो आणि सकाळचं पहिलं पाऊल त्याला एकदम ओढतं, म्हणून ती पहिली कळ सगळ्यात वाईट.

बडोद्यात या दुखण्याचा हंगाम जणू ठरलेला आहे. नऊ रात्री अनवाणी गरबा, रोज तीन-चार तास, तोही वर्षभर खुर्चीत बसलेल्या पायांनी. वर कोजागिरीची आणखी एक रात्र. घरी आल्यावर पुन्हा अनवाणीच, टाइल्सवर नाहीतर कोटा फरशीवर. टाचेला मऊपणा कुठेच मिळत नाही. मग एक्स-रे काढला जातो, त्यात टाचेच्या हाडाला बारीक काटा दिसतो आणि 'हाड वाढलंय' म्हणून घरभर धास्ती पसरते. तो काटा मुळीच न दुखणाऱ्या टाचांतही सापडतो. दुखणं बहुतेक वेळा पट्ट्याचं असतं, काटा छाटून घेण्याची गरज क्वचितच पडते.

उपाय फुकटचा आहे, फक्त चिकाटी लागते. पलंगावरून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. हाताने पाचही बोटं नडगीकडे मागे ओढा, तळपायाचा पट्टा तारेसारखा ताठ झालेला दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला लागला पाहिजे. दहा सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि पहिली खेप पहिलं पाऊल टाकण्याआधीच. उठल्यावर करू म्हटलं की निम्मा फायदा गेला. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवा, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, तीस सेकंद, तीन वेळा. संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली तळपायाखाली दहा-पंधरा मिनिटं फिरवा. आणि घरात चप्पल घाला. याला घरोघरी विरोध होतो. स्वयंपाकघरासाठी वेगळी जोडी ठेवली की बराचसा मावळतो. टाचेखाली जाड, मऊ पण पिचून न जाणारा तळ हवा. बाजारातल्या सपाट पातळ स्लिपरचा काही उपयोग नाही.

बहुतेकांची टाच अशाने बरी होते, पण महिने लागतात. इथेच लोक कंटाळून स्टेरॉइडचं इंजेक्शन मागतात. त्याने काही आठवडे छान वाटतं. वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. दीड-दोन महिने नेटाने करूनही फरक नसेल तर डॉक्टरकडे जा. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर जोरात दुखत असेल (हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो), बसल्या-झोपल्या ठणकत असेल, किंवा पंचविशी-तिशीतल्या माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही आखडते असं असेल, तर मात्र तेवढंही थांबू नका. शेवटचा प्रकार संधिवाताचा असू शकतो.

गरब्यातलीच दुसरी भानगड म्हणजे चवड्याचं दुखणं. दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे, पायाच्या वरच्या बाजूला, एकाच ठिकाणी बोट ठेवलं की माणूस किंचाळतो आणि तिथेच थोडी सूज असते. हा बहुधा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताण खाऊन खाऊन हाडाला गेलेला बारीक तडा. गंमत अशी की पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत काहीच दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून शरद पौर्णिमेला पुन्हा नाचलं जातं आणि बारीक तड्याचं खरंखुरं मोडलेलं हाड होतं.

घोटा मुरगळला तर कसोटी सोपी आहे: चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालतील. येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर वा टोकावर, करंगळीच्या मागे पायाच्या बाहेरच्या कडेवरच्या हाडावर, किंवा आतल्या बाजूच्या कमानीवरच्या हाडावर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढायचाच. नाहीतर दोन-तीन दिवस पाय उंच, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, आणि बोटांकडून वर जाणारी क्रेप बँडेज, बोटं निळी-गार पडणार नाहीत इतपतच घट्ट. हाडवैद्याकडे नेऊन ओढाओढ आणि गरम तेलाची मालिश पहिल्या तीन दिवसांत तरी नको. आतला रक्तस्राव आणि सूज त्याने वाढते.

फोडांविषयी एवढंच: अख्खा असेल तर फोडू नका. फारच तटतटला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या, तिच्याइतकी चांगली पट्टी मेडिकलमध्ये मिळत नाही. पावागड-डाकोरला पायी जाणाऱ्यांनी निघण्याआधीच टाचेला आणि बोटांच्या मध्ये व्हॅसलिन लावावं, आणि वाटेत मोजे ओले झाले की लगेच बदलावेत.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजून सुटलेली, खाज, वास: चिखल्या. ही बुरशी आहे. क्लोट्रिमाझोलचं 1 टक्क्याचं मलम दिवसातून दोनदा, साधारण दोन ते चार आठवडे, आणि दिसेनासं झाल्यावरही आणखी आठवडाभर. बहुतेकांचं चुकतं ते याच शेवटच्या आठवड्यात. त्याहून मोठी चूक म्हणजे दुकानदार काउंटरवरून देतो ते 'तीन-चार औषधांचं मिळून' मलम. त्यात स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी खाली पसरत राहते आणि पुढे तिचं रूपच ओळखू येत नाही. मलमाइतकंच महत्त्वाचं म्हणजे अंघोळीनंतर बेचक्या टॉवेलच्या कडेने एकेक करून कोरड्या करणं. चिरलेल्या बेचकीतून जंतू आत शिरतात. पाय लाल, गरम होऊन लाली वर चढायला लागली, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. 2024 च्या ऑगस्टात बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हासारख्या पाण्यातून चालावं लागलं तर घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करा आणि तळवे नीट पाहा. बुटाच्या तळव्यातून खिळा घुसला असेल तर जखम वरून टिचभर दिसते, पण घाण खोल जाते आणि कधी हाडापर्यंत पू होतो. अशा घाणेरड्या जखमेला, शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच किंवा जास्त वर्षं झाली असतील, तर पुन्हा घ्यावं लागतं.

कुरूप आणि चामखीळ यांत लोक हमखास घोटाळा करतात. सरळ दाबल्यावर दुखतं ते कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखते ती चामखीळ. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात (गोठलेल्या रक्तवाहिन्यांची टोकं) आणि तळव्याच्या रेषा तिला वळसा घालून जातात. कुरूप म्हणजे दाबाला त्वचेने दिलेलं उत्तर. ते नुसतं कापून काढलं आणि चप्पल तीच राहिली तर ते परत येणारच. बाजारातल्या कॉर्न कॅपमध्ये कातडी विरघळवणारं सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं, ते चांगल्या कातडीलाही सोडत नाही. मधुमेह असणाऱ्याने तिला हातही लावू नये.

भेगांना आजीचं कोकमतेल चांगलंच, पण ते ओलावा धरून ठेवतं, जाड कातडी कमी करत नाही. त्यासाठी दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग वज्रीने हलक्या हाताने घासणं, आणि ओलसर असतानाच 10 ते 25 टक्के युरियाचं क्रीम, वर सुती मोजे. ब्लेड कुणीही वापरू नये. भेगेतून रक्त येत असेल तर वज्रीही नको.

अंगठ्याचं नख मांसात रुतत असेल तर ते सरळ कापा, कोपरे गोल करू नका. कोपरा खोल कापला की आत उरलेला काटा वाढताना मांसात शिरतो. नखाच्या मध्ये इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, हे ऐकीव शास्त्र सोडून द्या. नख मुळापासून पुढे वाढतं, मधून आकसत नाही. पू झाला, किंवा पुन्हापुन्हा होतंय, तर नखाची रुतलेली पट्टी भूल देऊन काढतात आणि मुळाशी फिनॉल लावतात, म्हणजे ती पट्टी सहसा पुन्हा उगवत नाही. अर्ध्या तासाचं काम, माणूस त्याच दिवशी घरी.

आतापर्यंतचं सगळं दुखतं, म्हणून त्याच्याकडे लक्ष जातं. खरी भीती न दुखणाऱ्या पायाची आहे.

मधुमेहात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की लांबच्या नसा आधी जातात, म्हणजे पायाच्या. सुरुवातीला मुंग्या, रात्री आग, मग हळूहळू बधिरपणा. आणि मुंग्या थांबल्या की माणूस 'आता बरं आहे' म्हणतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं होतं: बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत, दुखत नाही म्हणून नकळत होत राहणाऱ्या जखमांनी जातात. मधुमेही पायाचंही तसंच. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या संगमरवरावर प्रदक्षिणा घातली, संध्याकाळी तळव्याला मोठा फोड दिसला, आणि तो कधी आला ते माहीतच नाही. चपलेत खडा गेला, दिवसभर तसाच राहिला. शेकायला घेतलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने पाय भाजला.

घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. त्या व्यक्तीला डोळे मिटून पाय लांब करून बसवा. आपल्या तर्जनीचं टोक तिच्या पायाच्या बोटांच्या टोकांना एक-दोन सेकंद अलगद टेकवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. स्पर्श जाणवला की तिने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. उत्तर आलं नाही तर पुन्हा हात लावून संधी द्यायची नाही. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरा आणि डॉक्टरकडे मोनोफिलामेंटची तपासणी करून घ्या: 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून पाहतात, सोबत ट्यूनिंग फोर्क (थरथर जाणवते का ते पाहायचा धातूचा चिमटा) आणि पायाच्या नाडीची तपासणी.

अशा पायाला रोज रात्री आरशात तळवा पाहणं, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवणं, पाण्याचं तापमान कोपराने बघणं, हे सगळं जेवणाइतकं नेमाने व्हायला हवं. मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसणं बंद. अनवाणी चालणं घरातही बंद. देवळात जाड मोजे घालायला कुठलाही देव हरकत घेत नाही. चप्पल एमसीआर (मायक्रोसेल्युलर) या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली. अंगठ्याची स्लिपर नको. संवेदना शाबूत असेल तरी वर्षातून एकदा पाय दाखवायचे, गेली असेल तर सहा महिन्यांनी, पूर्वी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी.

आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल, सुजलेला असेल, जखम नसेल आणि फारसं दुखतही नसेल, तर तो मुरगळलाय असं समजून क्रेप बांधू नका. आतली हाडं ढासळत असतात, त्याला शार्को म्हणतात. त्या पायावर एक पाऊलही न टाकता दवाखान्यात जायचं. वेळेत प्लास्टर झालं तर पायाचा आकार वाचतो.

थांबायचंच नाही अशी आणखी काही कारणं आहेत. मधुमेह असलेल्याच्या पायावरची कुठलीही उघडी जखम एका दिवसात दाखवायची. बोट काळं पडलं, किंवा पाय अचानक गार, पांढरा आणि असह्य दुखरा झाला, तर तासांचा हिशेब असतो. तंबाखू-बिडी ओढणाऱ्याची पोटरी थोडं चाललं की वळते आणि थांबलं की मोकळी होते, ही रक्त कमी पोचत असल्याची खूण. पुढे रात्री पाय पलंगाखाली लोंबकळता ठेवला तरच झोप लागते, तोवर वाट पाहू नये. एकाच पायाची पोटरी सुजून दुखते आहे, तर रक्ताची गाठ आहे का ते बघायला हवं.

जायचं कुणाकडे हा प्रश्न आपल्याकडे अवघड, कारण परदेशातल्यासारखा फक्त पायाचा डॉक्टर, पोडियाट्रिस्ट, इथे कोपऱ्याकोपऱ्यावर नाही. टाच, घोटा, हाड यांसाठी ऑर्थोपेडिक; चिखल्या, चामखीळ, जाड पिवळं नख यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ; रुतलेलं नख आणि पू यांसाठी सर्जन; गार, काळ्या पायासाठी रक्तवाहिन्यांचा सर्जन. मधुमेह असेल तर 'डायबेटिक फूट क्लिनिक' अशी पाटी असलेली ओपीडी शोधा, सगळी तपासणी एका ठिकाणी होते. खासगीत परवडत नसेल तर बडोद्यात सयाजी हॉस्पिटलात किंवा गोत्रीच्या सरकारी हॉस्पिटलात हाडं, सर्जरी आणि त्वचा या तिन्ही ओपीडी आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा.

जाताना रोजच्या वापरातली चप्पल किंवा बूट पिशवीत घालून न्या, नवे नकोत. तळाची कुठली कड झिजली आहे, अंगठ्यापुढे किती जागा आहे, आतला तळ कुठे खचला आहे, यावरून तपासणाऱ्याला अर्धं उत्तर मिळतं. त्याआधी घरीच कागदावर उभं राहून पायाची बाह्यरेषा काढा, संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, आणि त्यावर बूट ठेवून पाहा. पेन्सिलची रेघ बुटाबाहेर दिसली, तर पायाला कुरूप का झालं हे डॉक्टरला विचारायची गरज नाही.