बुचर रो

दिवसभर चिडचिड चाललीय आणि कारण सांगायला जावं तर कुणीही हसेल. एक फोटो. इंग्लंडमधल्या आमच्या कॉव्हेंट्री शहरातल्या बुचर रोचा. रस्ता कसला, बोळच तो. दोन्हीकडे लाकडी चौकटींची घरं, वरचे मजले इतके पुढे आलेले की समोरच्या खिडकीतून विरजण मागून घ्यावं.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "जर्मनांनी नेलं सगळं." मी म्हटलं, नाही हो, हा बोळ १९३६ सालीच कौन्सिलने पाडला, ट्रिनिटी स्ट्रीट काढायला. जर्मनांचे बॉम्ब पडले ते १४ नोव्हेंबर १९४० ला. त्यावर त्या अगदी मायेने म्हणाल्या, "तुला नाही कळायचं. तुझं काय गेलंय त्यात?"

माझं काय गेलंय! बरं, आजींचा स्वतःचा जन्म लढाईनंतरचा. म्हणजे बुचर रो त्यांनीही पाहिलेला नाही. पण त्यांनी हळहळायचं आणि मी तारखा सांगायच्या, असं कुठे ठरलंय? शहराचे आर्किटेक्ट गिब्सनसाहेब, त्यांनी नव्या शहराचे आराखडे बॉम्ब पडायच्या आधीच मांडले होते, हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलंच होतं की. तेव्हा कुणी विचारलं नाही, तुझं काय गेलंय म्हणून.

सिटी आर्केड हे दुकानांचं संकुल पाडायला घेतलं तेव्हाही नाही विचारलं. आमच्या मानसीचे पहिले बूट तिथलेच. पण १९६०च्या दशकातलं काँक्रीट ते, त्याला कोण रडतंय. जाऊ दे.

हेही खरं की मला पुण्याच्या वाड्यासाठी कधी एवढं तुटलं नाही. बाबांनी सही केली, बिल्डरने पाडला, आम्हाला लिफ्ट मिळाली. त्यावर आत्ता नको.

संध्याकाळी डोकं शांत करायला स्पॉन स्ट्रीटला गेले. बाहेरून आलेले लोक तिथे "अस्सल जुनं कॉव्हेंट्री" म्हणून फोटो काढत होते. मला एकदम हसूच फुटलं. त्यातली कित्येक घरं तिथली नाहीतच! १९७०च्या दशकात काही तर शहरातल्याच मच पार्क स्ट्रीटवरून वासा-वासा सुटा करून आणली आणि इथे पुन्हा उभी केली. रिंग रोडने रस्त्याचे दोन तुकडे केले होते, उरलेल्यात ही पाहुणे मंडळी बसवली. आता त्यांना कुणी विचारत नाही, तुम्ही मूळचे कुठले? मला मात्र बसस्टॉपवरसुद्धा विचारतात. हरकत नाही, ती माझ्याआधी वीसेक वर्षं आलीत, एवढी ज्येष्ठता मान्य.

ओल्ड विंडमिल पब मात्र पहिल्यापासून तिथलाच. आणि त्याचा तोरा थोरल्या जावेचा.